बौद्धिक संपदा अपील मंडळ

व्यापारचिन्हांचे निबंधक आणि पेटंट नियंत्रक यांच्या आदेशांविरुद्धची अपिले ऐकणारे केंद्रीय न्यायाधिकरण (२००३–२०२१). वकिलांच्या बोलण्यात ते ‘आयपीएबी’ याच नावाने वावरले. मुख्यालय चेन्नईला होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि अहमदाबाद येथे मंडळ फिरतीवर बसत असे. ४ एप्रिल २०२१ च्या अध्यादेशाने ते बरखास्त झाले आणि पुढे न्यायाधिकरण सुधारणा अधिनियम, २०२१ ने त्यावर शिक्कामोर्तब केले. मंडळ संपले, तरी त्याच्या पश्चात अपील किंवा रद्दबातलीचा अर्ज नेमका कुठे दाखल करायचा याविषयी न्यायालयांचे अजून एकमत झालेले नाही.

स्थापना व अधिकारकक्षा : व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी मंडळाचे काम सुरू झाले. तोपर्यंत ही अपिले उच्च न्यायालयांत चालत. पेटंटविषयक अधिकार एप्रिल २००७ मध्ये मिळाले. भौगोलिक निर्देशने मंडळाकडे होतीच. २०१७ च्या वित्त अधिनियमाने कॉपीराइट मंडळही त्यात विलीन करण्यात आले. प्रत्येक पीठावर एक न्यायिक व एक तांत्रिक सदस्य असावा, ही मूळ कल्पना चांगली होती. रसायनशास्त्रातला वाद रसायनशास्त्र कळणाऱ्यासमोर चालावा, एवढाच तिचा अर्थ.

उल्लेखनीय निर्णय : मंडळाचा सर्वांत गाजलेला निर्णय मुंबईत सुरू झालेल्या प्रकरणातला आहे. बायर कंपनीच्या नेक्सावार (सोराफेनिब) या कर्करोगावरील औषधासाठी नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी नॅटको फार्माला सक्तीचा परवाना दिला. हा देशातला असा पहिलाच परवाना. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडणारे औषध त्यामुळे नऊ हजारांच्या आत आले. मंडळाच्या अध्यक्षा न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या पीठाने ४ मार्च २०१३ रोजी परवाना कायम ठेवला, मात्र स्वामित्वधन सहावरून सात टक्के केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी डिसेंबरात बायरची याचिका फेटाळली. दुसरा महत्त्वाचा आदेश ३१ डिसेंबर २०२० चा. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ३१ड खाली खासगी एफएम रेडिओवर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या स्वामित्वधनाचे दर त्याने ठरवले.

अखेर : मंडळ रिकाम्या खुर्च्यांनी खिळखिळे केले. कधी अध्यक्ष नाही, कधी तांत्रिक सदस्य नाही, आणि गणपूर्तीअभावी तारखांवर तारखा. नेमणुकीच्या पात्रतेविषयीच्या काही तरतुदी विधिज्ञ शमनाद बशीर यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या होत्या. शेवटचे अध्यक्ष न्या. मनमोहन सिंग यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाला वाढवून द्यावी लागली. २०२१ च्या सुरुवातीला मात्र न्यायालयाने आणखी वाढ नाकारली. दोन महिन्यांत अध्यादेश आला. जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने आपल्या १६१ व्या अहवालात बरखास्तीचा फेरविचार करावा, असे सुचवले. तोवर हजारो प्रकरणांचे गठ्ठे उच्च न्यायालयांकडे रवाना झाले होते.

बरखास्तीनंतरची व्यवस्था : व्यापारचिन्हे, पेटंट, भौगोलिक निर्देशने आणि वनस्पती वाण यांची अपिले आता उच्च न्यायालयात जातात. कॉपीराइटची विभागणी झाली : नोंदणीपुस्तकातील दुरुस्ती उच्च न्यायालयाकडे, तर सक्तीचे परवाने व वैधानिक परवान्यांचे दर वाणिज्यिक न्यायालयाकडे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग उघडला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे नियम अधिसूचित केले. गोपनीय कागदपत्रे मोजक्याच व्यक्तींना पाहता यावीत यासाठी ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी क्लब’, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची एकत्र साक्ष, एकाच हक्काविषयीची प्रकरणे एकत्र चालवणे, अशा तरतुदी त्यात आहेत. मद्रासने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला, नंतर कलकत्त्यानेही. या नियमांत तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय आहे, पण न्यायासनावर तांत्रिक सदस्य नाही. मूळ कल्पनेतला हा भाग हरवला तो हरवलाच.

कोणते उच्च न्यायालय? : १९५८ च्या व्यापारचिन्ह अधिनियमात संबंधित नोंदणी कार्यालय ज्या उच्च न्यायालयाच्या हद्दीत असेल तेच उच्च न्यायालय, अशी तरतूद होती. १९९९ च्या अधिनियमात ती ठेवली नाही. मंडळ असताना तिची गरजही नव्हती. २०२१ मध्ये ‘मंडळ’ खोडून ‘उच्च न्यायालय’ लिहिले गेले, तेव्हा ही पोकळी उघडी पडली. पेटंटपुरते दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डॉ. रेड्डीज वि. पेटंट नियंत्रक’ (नोव्हेंबर २०२२) मध्ये सांगितले की अपील समुचित पेटंट कार्यालयाच्या हद्दीतील उच्च न्यायालयातच करावे. मात्र पेटंट रद्द करण्याची याचिका, त्या पेटंटाचा परिणाम जिथे भोगावा लागतो तिथेही चालेल. ‘डॉ. रेड्डीज वि. फास्ट क्युअर फार्मा’ (२०२३) मध्ये व्यापारचिन्हांच्या बाबतीतही हाच विचार लावला गेला. ‘हर्शी कंपनी वि. दिलीप कुमार बाचा’ (२०२४) मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एकल न्यायाधीशांनी असहमती नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची भूमिका घेतली. अशा स्थितीत नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतले उच्च न्यायालय निवडणे, हाच सावध वकिलाचा पर्याय. हद्दीचा आक्षेप दोन वर्षांनी मान्य झाला, तर अशिलाला समजावणे अवघड जाते.

महाराष्ट्र व गोवा : दोन्ही राज्यांतील अर्जदारांचे समुचित पेटंट कार्यालय मुंबईचे, गुजरात आणि मध्य प्रदेशही त्याच हद्दीत येतात. अर्जदार परदेशी असेल, तर त्याने भारतात दिलेल्या पत्त्यावरून कार्यालय ठरते. पुण्यातील वाणिज्यिक न्यायालयात व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा दावा चालू असताना प्रतिवादीला नोंदणीच अवैध ठरवून हवी असेल, तर ‘पटेल फील्ड मार्शल वि. पी. एम. डीझेल्स’ (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आधी त्याच न्यायालयाकडून मुद्दा सकृद्दर्शनी टिकणारा असल्याचे मत मिळवावे लागते. मगच उच्च न्यायालयात जाता येते. पेटंटमध्ये तसे नाही. तिथे रद्दबातलीचा प्रतिदावा दाखल होताच मूळ दावाही उच्च न्यायालयाकडे जातो.

मुदत व पुढील अपील : दोन्हीकडे मुदत तीन महिन्यांची. व्यापारचिन्हात ती आदेश कळवल्याच्या दिवसापासून मोजतात, पेटंटमध्ये आदेशाच्या तारखेपासून. ईमेल उशिरा उघडणाऱ्या कार्यालयांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. एकल न्यायाधीशाच्या निर्णयावर पुन्हा खंडपीठाकडे जाता येते का, हा वाद दिल्लीच्या खंडपीठाने ‘प्रोमोशर्ट वि. आर्मासुइस’ (२०२३) मध्ये व्यापारचिन्हांपुरता सोडवला : निबंधक हे न्यायालय नव्हे, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००अ ची आडकाठी येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास बार असोसिएशनच्या याचिकेवर २०२१ च्या अधिनियमातील सदस्यांच्या नेमणुका व कार्यकाळ यांविषयीच्या तरतुदी रद्द केल्या. त्या निकालाने हे मंडळ पुन्हा अस्तित्वात आलेले नाही.