हौसेचे तळे, बेवारस बांध : टोकोआ, 1977

धरणफुटी म्हटले की मराठी माणसाला 12 जुलै 1961 आठवतो. पानशेत हे नवे, बांधकाम पुरते संपण्याआधीच फुटलेले, मोठे सरकारी धरण होते. आजच्या धाग्यातील धरण त्याच्या अगदी उलट आहे : लहान, जुने, खासगी, आणि शेवटची वीस वर्षे मासेमारी व सहलीपलीकडे कोणाच्याही उपयोगाचे नसलेले.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्येस टोकोआ नावाचे गाव आहे. तेथील ओढा 186 फुटांच्या कड्यावरून कोसळतो. धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स धरण होते आणि खालच्या अंगाला बायबल महाविद्यालयाची वसाहत : वसतिगृह, शिक्षकांची घरे, विवाहित विद्यार्थ्यांची फिरती घरे. भूगोल एवढा लक्षात ठेवला तरी पुढचे सारे समजते.

या बांधाचा जन्म 1899 चा. लाकडी चौकटीत दगड भरून ओढा अडवलेला, असे त्याचे मूळ रूप. पुढे 1937 च्या सुमारास संस्थेने विजेसाठी तो हाती घेतला आणि जुन्या दगडी बांधावरच मातीचा भराव टाकला. दुसऱ्या महायुद्धानंतर भराव आणखी उंचावला. अशा रीतीने धरण सुमारे 12 मीटरांवर पोहोचले. हे बांधणे नव्हे, थर चढवणे होते. पुढे चौकशी समितीने शोध घेतला तेव्हा या धरणाचा एकही अभियांत्रिकी आराखडा हाती लागला नाही.

1957 मध्ये वीजनिर्मिती बंद झाली. माझ्या मते या धरणाच्या इतिहासातील निर्णायक वर्ष हेच. विजेसाठी वापरात असलेल्या धरणाकडे रोज कोणीतरी जाते. नळीतून गढूळ पाणी आले, पातळी उतरली, तर त्याला कळते. वीज थांबली की ती नजरही जाते. तळे मात्र राहते, आणि तळे सुंदर असते. काठावर झाडी वाढते, भरावावरही वाढते, आणि पाहणाऱ्याला तो बांध न वाटता टेकडीच वाटू लागते. मातीच्या धरणावरील वृक्ष ही शोभा नसते. मुळे भरावात खोल शिरतात, झाड मेले की कुजतात, आणि पाण्याला आयती वाट मिळते.

धरणाने सूचनाही दिली होती. 1973 च्या एका छायाचित्रात खालच्या उतारावरील मातीचा सुमारे 12 फूट उंच आणि 30 फूट रुंद भाग घसरलेला दिसतो. तो उतार मुळातच फार उभा होता : काही ठिकाणी जितका उभा, जेमतेम तितकाच आडवा. मातीच्या धरणाला साधारणतः याच्या दुपटीहून अधिक पसरट उतार देतात, कारण भिजलेली माती कोरड्या मातीइतका तोल धरीत नाही.

नोव्हेंबर 1977 च्या पहिल्या आठवड्यात तेथे चार दिवसांत सुमारे सात इंच पाऊस झाला. त्यातला निम्मा 5 तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. त्या रात्री स्वयंसेवक अग्निशामकांनी धरण पाहिले होते. त्यांना वावगे काही दिसले नाही. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. भरावाच्या पोटात काय चालले आहे, ते कंदिलाच्या उजेडात कोणाला दिसणार?

रात्री दीडच्या सुमारास बांध फुटला. साठा किती होता? सुमारे 630 एकर-फूट, म्हणजे 0.027 टीएमसी, खडकवासल्याच्या साठ्याचा जेमतेम सत्तरावा भाग. पण तो मिनिटांत रिकामा झाला. प्रवाहाचा वेग सेकंदाला 24 हजार घनफुटांपर्यंत गेल्याचा अंदाज नंतर काढण्यात आला. पाणी कड्यावरून झोपलेल्या वसाहतीवर आले. 39 माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती.

चौकशी समितीने कोणा एका कारणावर बोट ठेवले नाही. उभ्या उताराची घसरण, आतून माती वाहून नेणारी झिरप, माथ्यावर पडलेले खिंडार आणि भिजून गळालेला भराव, ही सारी एकमेकांच्या हातात हात घालून आली, असा तिचा निष्कर्ष होता. मला तो प्रामाणिक वाटतो. जुन्या धरणाचा एकच खलनायक सहसा सापडत नाही.

आता यातील खरी बोच. अशा धरणांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेत 1972 मध्येच झाला होता. त्याच वर्षी पश्चिम व्हर्जिनियात बफेलो क्रीक येथे खाणीच्या गाळाचा बांध फुटून 125 माणसे मेली होती. कायदा झाला, पण खासगी व स्थानिक धरणांच्या प्रत्यक्ष तपासणीला पैसा मिळाला नाही. टोकोआ हे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वतःच्या राज्यातले. दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच त्यांनी लष्करी अभियंत्यांना कामाला लावले. 1981 पर्यंत 8,800 हून अधिक धरणे तपासली गेली आणि जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. बहुतेकांचा दोष एकच : मोठा पूर वाहून नेण्यास अपुरा सांडवा.

आपल्याकडे धरण सुरक्षा अधिनियम 2021 मध्ये आला. 15 मीटरांहून उंच धरणे त्यात सरसकट येतात. 10 ते 15 मीटरांमधली मात्र अटींवर : माथ्याची लांबी किमान 500 मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर, किंवा पूरविसर्ग, पाया, रचना यांबाबतच्या आणखी काही अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच. केली बार्न्सची लांबी सुमारे 120 मीटर होती आणि फुटतेवेळी त्यातले पाणी आठ लाख घनमीटरांच्या आतच होते. उंची, लांबी आणि त्या रात्रीचा साठा, या तिन्ही मापांनी ते या कायद्याच्या बाहेर राहिले असते. धरणाखाली माणसे राहतात की नाही, हे त्या मापांत कोठेच विचारलेले नाही.