चष्मा स्वस्तात करायचाय? आधी नंबरचा कागद समजून घ्या, मग लेन्सचं बोला

डोळे तपासून झाले, फ्रेम आवडली, किंमतही परवडली. मग काउंटरच्या पलीकडून प्रश्न येतो, "ग्लास कोणती टाकू?" पाठोपाठ यादी सुरू होते. एआरसी, ब्लूकट, पॉली, हाय इंडेक्स, फोटोक्रोमिक. आठशेची फ्रेम घ्यायला गेलेल्या माणसाचं बिल बघता बघता तीन हजारांवर जातं. आपणही "बरं, टाका" म्हणून मोकळे होतो, कारण डोळ्यांच्या बाबतीत कंजूषपणा नको असं वाटतं.

हे वाटणं बरोबर आहे, पण चष्म्यात तडजोड चालत नाही ती दोनच गोष्टींवर. एक म्हणजे बरोबर नंबर आणि दुसरी म्हणजे बरोबर फिटिंग. बाकीच्या बहुतेक गोष्टी गरज असेल तर घ्यायच्या असतात. कुठली गरज तुमची आहे आणि कुठली दुकानाची, हे कसं ओळखायचं? एकेक करून बघू.

परवडत नाही म्हणून चष्मा पुढे ढकलला तर काय होतं?

पैसे नसले की चष्मा पुढच्या महिन्यावर जातो. मग तो पुढचा महिना येतच नाही. याची किंमत किती असते हे आसाममधल्या चहामळ्यांत मोजलं गेलंय. तिथं चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहा तोडणाऱ्या कामगारांवर एक चाचणी झाली. जवळचं नीट दिसत नसलेल्या या कामगारांपैकी निम्म्यांना साधे जवळचे चष्मे लगेच दिले, बाकीच्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. यात महागडी लेन्स कुठेच नव्हती. योग्य नंबरचा साधा चष्मा पुरला.

म्हणून पहिला नियम. भारी चष्म्यासाठी पैसे जमेपर्यंत थांबण्यापेक्षा बरोबर नंबरचा साधा चष्मा आज घेणं चांगलं.

तपासणी कुठे आणि कधी करायची?

दुकानातली मोफत तपासणी फक्त नंबर सांगते. डोळ्याच्या आतला दाब, पडदा, मोतीबिंदू हे तिथं कुणी बघत नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत नेत्र विभाग असतो, तिथं केसपेपरच्या खर्चात तपासणी होते. शिवाय ट्रस्टची नेत्र रुग्णालयं आणि गावोगावची शिबिरं आहेतच.

तीन परिस्थितींत मात्र चष्म्याची घाई करू नका, नाहीतर तोच खर्च दोनदा होतो.

१. शुगर खूप वाढलेली असेल तर नंबर वरखाली होतो. शुगर आटोक्यात येऊन स्थिर झाल्यावरच नंबर काढा.

२. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळा स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हाच पक्का चष्मा करा.

३. लहान मुलांचा नंबर पहिल्यांदा काढताना डॉक्टर अनेकदा ड्रॉप्स घालून तपासतात. मुलांचे डोळे फोकस ओढून धरतात, त्यामुळे ड्रॉप्सशिवाय नंबर चुकू शकतो.

आणखी एक. कॉम्प्युटर मशीनवर निघालेला नंबर ही फक्त सुरुवात असते. त्यानंतर समोर अक्षरांचा तक्ता ठेवून "हे बरं दिसतंय की ते?" असं विचारून नंबर पक्का करायला हवा. मशीनची चिठ्ठी हातात देऊन कुणी थेट लेन्स बनवत असेल तर थांबा.

नंबरच्या कागदावर काय लिहिलेलं असतं?

एसपीएच: मुख्य नंबर. मायनस म्हणजे लांबचं अंधूक, प्लस म्हणजे दूरदृष्टी.

सीवायएल: सिलिंडर नंबर. बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसली की तो लागतो.

अ‍ॅक्सिस: सिलिंडरची दिशा, १ ते १८० अंशांमध्ये.

अ‍ॅड: जवळचं वाचण्यासाठी लागणारा वाढीव नंबर.

पीडी: दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये.

यातला पीडी अनेकदा कागदावर नसतोच. तो मागून घ्या. लेन्सचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर बरोबर नंबरचा चष्माही डोकं दुखवतो, आणि नंबर जितका मोठा तितका हा त्रास जास्त.

दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर निघाले म्हणून लगेच घाबरू नका. उणे १.०० सिलिंडर उणे ०.५० अ‍ॅक्सिस ९०, आणि उणे १.५० सिलिंडर अधिक ०.५० अ‍ॅक्सिस १८०, हे दिसायला वेगळे असले तरी एकच नंबर आहेत. फक्त लिहायची पद्धत वेगळी.

लेन्स कुठली घ्यायची?

लेन्सवर १.५०, १.५६, १.६०, १.६७, १.७४ असे आकडे असतात. हा त्या मटेरियलचा इंडेक्स. आकडा वाढला की तोच नंबर पातळ लेन्समध्ये बसतो आणि किंमत चढते. सोपा समज असा असतो की जास्त इंडेक्स म्हणजे जास्त स्पष्ट. तसं नाही. हाय इंडेक्स लेन्स पातळ असते, त्यातून जास्त चांगलं दिसत नाही. उलट सर्वात स्वस्त असलेलं सीआर-३९ हे प्लास्टिक, म्हणजे १.५० इंडेक्स, रंगांची फाटाफूट कमी करण्यात पॉलीकार्बोनेट आणि १.६७ या दोघांपेक्षाही सरस आहे.

ढोबळमानाने असं ठरवता येईल.

नंबर २ पर्यंत: १.५० किंवा १.५६ पुरेशी आहे.

२ ते ४: १.५६ चालते. पातळ हवी असेल आणि बजेट असेल तर १.६०.

४ ते ६: १.६० चा विचार करा, पण आधी फ्रेम लहान निवडा.

६ च्या पुढे: १.६७ चा खरा फायदा इथे दिसतो.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. लहान मुलं, मैदानी खेळ खेळणारे आणि एकाच डोळ्याने नीट दिसणारे लोक यांच्यासाठी पॉलीकार्बोनेट घ्या. मार बसला तरी ती सहसा फुटत नाही. इथे पैसे वाचवू नका.

आणखी एक प्रश्न दुकानात विचारा, "ही रेडी लेन्स आहे की ऑर्डरची?" साधे नंबर तयार साठ्यात मिळतात, ते स्वस्त पडतात आणि अनेकदा त्याच दिवशी बसवून मिळतात. मोठा नंबर किंवा मोठा सिलिंडर असेल तर लेन्स लॅबमध्ये बनवून घ्यावी लागते, म्हणून ती महाग.

फ्रेम बदलून लेन्सचे पैसे कसे वाचतात?

हे दुकानात फारसं सांगितलं जात नाही. मायनस नंबरची लेन्स कडेला जाड होते. म्हणजे लेन्स जेवढी मोठी, तेवढी कड जाड.

हिशेब करून बघा. नंबर उणे ४ आहे, लेन्स साधी १.५० ची आहे आणि बाहुली लेन्सच्या मध्यावर आहे असं धरू. ६० मिलिमीटर रुंद लेन्सची कड मध्यापेक्षा सुमारे ३.६ मिलिमीटरने जाड होईल. पैसे भरून १.६० घेतली तर हा फरक ३ मिलिमीटरवर येईल. पण तीच साधी लेन्स ५० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये बसवली तर फरक फक्त २.५ मिलिमीटर. म्हणजे फुकटात मिळणारी लहान फ्रेम महागड्या लेन्सपेक्षा जास्त काम करते.

फ्रेमच्या काडीवर आतून तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५०, १८, १४०. पहिला लेन्सची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी. तुमच्या सध्याच्या चष्म्याचे हे आकडे लिहून ठेवा, नवी फ्रेम निवडताना उपयोगी पडतात. जाड काठाची प्लास्टिक फ्रेम घेतली तर लेन्सची कड लपतेही. रिमलेस फ्रेममध्ये ती उघडी पडते.

जुनी फ्रेम धड असेल तर फक्त लेन्स बदलून घ्या. तडा गेलेली, चिकटवलेली किंवा ठिसूळ झालेली फ्रेम मात्र फिटिंग करताना मोडू शकते.

कोटिंग: कुठलं हवं, कुठलं नको?

हार्ड कोटिंग हवंच. प्लास्टिक लेन्सवर ओरखडे पटकन पडतात.

एआरसी, म्हणजे परावर्तन कमी करणारं कोटिंग, बजेट असेल तर घ्या. साध्या लेन्सवरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ वरून साधारण १२ टक्के. रात्री गाडी चालवत असाल किंवा हाय इंडेक्स घेत असाल तर एआरसीचा फरक जाणवतो.

ब्लूकट खुशाल वगळा. कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. कॉम्प्युटरवर काम करून डोळ्यांना येणारा थकवा ब्लूकटमुळे बहुधा कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. स्क्रीनमुळे डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे आणि सतत जवळ बघितल्यामुळे. दर २० मिनिटांनी लांब बघणं याला पैसे पडत नाहीत.

चाळिशी लागली असेल तर?

जवळचं दिसेनासं झालंय, पण लांबचा नंबर नाही, सिलिंडर नाही आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे, अशांना मेडिकलमध्ये किंवा बाजारात मिळणारा तयार चष्मा चालू शकतो. एकदा नंबर काढून घ्या आणि त्याच नंबरचा आणा. दोन डोळ्यांत फरक असेल तर तयार चष्मा नको.

लांबचा आणि जवळचा दोन्ही नंबर असतील तर प्रोग्रेसिव्ह हा सर्वात महाग पर्याय. त्याऐवजी बायफोकल खूप स्वस्तात होतो. रेषा दिसते, पण काम होतं. स्वस्त प्रोग्रेसिव्हमध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद असतो, त्यापेक्षा चांगला बायफोकल बरा.

ऑनलाइन घ्यावा का?

कमी नंबर, सिंगल व्हिजन आणि पीडी माहीत असेल तर घ्यायला हरकत नाही. मोठा नंबर, मोठा सिलिंडर किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर फ्रेम चेहऱ्यावर चढवून माप घेतलेलंच बरं. "एकावर एक मोफत" दिसलं की फ्रेमची नाही, लेन्स आणि कोटिंगसह होणारी पूर्ण बेरीज बघा.

सरकारी मदत मिळते का?

मिळते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम देशात १९७६ पासून आहे. त्यात नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना आणि चाळिशीचा चष्मा लागणाऱ्या वृद्धांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. शाळेत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही चष्मा आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची ही योजना. अर्जाची माहिती समाजकल्याण कार्यालयात मिळते.

पैसे देण्याआधी हे बघा

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. बिलावर लेन्सचा इंडेक्स आणि कोटिंग लिहून घ्या.

लेन्स ज्या कागदी पाकिटातून आली ते मागा. त्यावर कंपनी, नंबर आणि इंडेक्स छापलेला असतो. १.६० चे पैसे घेऊन १.५६ बसवली असेल तर तिथंच कळतं.

शंका असेल तर दुसऱ्या दुकानात किंवा रुग्णालयात लेन्समीटरवर नंबर तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

नव्या चष्म्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. पण आठवड्यानंतरही गरगरत असेल, जमीन तिरकी वाटत असेल, तर परत जा. लेन्स चुकीची निघाली तर बदलून देणं ही दुकानाची जबाबदारी आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि अचानक नजर कमी झाली, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला तर चष्म्याच्या दुकानात जाऊच नका. थेट डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

बाकी वेळी दुकानात एवढंच सांगा, "१.५६, हार्ड कोटिंग, लहान फ्रेम, पीडी मोजून. एआरसीचे किती वाढतील ते वेगळं सांगा." नंबर चारच्या आत असलेल्या बहुतेकांचा चष्मा या एका वाक्यात होऊन जातो.