बारावीनंतर अरबी-फारसी की जर्मन-जपानी? प्रवेशाआधी हे माहीत हवे

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येते, ‘भाषा घेऊन बी.ए. करून खाणार काय?’ प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर न शोधताच मुलांचा, विशेषतः मुलींचा, आवडीचा विषय बदलला जातो. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. नाजरा कुरआन पूर्ण झाला म्हणजे अरबी आली असे नव्हे. वाचता येणे वेगळे, समजणे वेगळे. कॉलेजात व्याकरण, गद्य-पद्य, भाषांतर, साहित्याचा इतिहास असे सगळे शिकावे लागते. मात्र लिपी येत असल्याने आपली मुले एक पायरी पुढे असतात. अरबीत २८ अक्षरे, फारसीत ३२. पे, चे, झे आणि गाफ ही चार जादा. उर्दू शिकलेल्याला ती आधीच ठाऊक असतात.

कुठे शिकता येते? मुंबई विद्यापीठात अरबी, फारसी, उर्दू, जर्मन, फ्रेंच यांचे विभाग आहेत. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात. दिल्लीच्या जेएनयूमध्ये अरबी, फारसीसह अनेक भाषांत बी.ए. ऑनर्स आहे. तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, नुसती पदवी पुरत नाही. युरोपीय भाषांमध्ये ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या असतात, जपानीत एन५ ते एन१ अशा पाच. नोकरी देणारा आधी पातळी विचारतो. त्यामुळे पदवीसोबत या परीक्षाही देत राहाव्यात. अरबी, फारसी, उर्दूत एम.ए. करून नेट दिली की प्राध्यापकीचा मार्ग खुला होतो. शिवाय भाषांतर, दुभाषी, पर्यटन, आखाती देशांशी व्यापार ही क्षेत्रे आहेतच.

फारसीचा तर थेट महाराष्ट्राशी संबंध आहे. अर्ज, जमीन, शहर, फिर्याद, दस्तऐवज हे शब्द आपण रोज वापरतो, ते फारसीतून आले. आदिलशाही, निजामशाही, मोगल काळातली फर्माने फारसीत आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली, म्हणून मराठी वाचकाला ती कळली. आज ही कागदपत्रे मुळातून वाचू शकणारे मोजकेच उरलेत. वाचणारे संपले तर आपल्याच इतिहासासाठी आपल्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागेल.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. या विषयाला कायम शिक्षक आहेत का? तो मुख्य विषय म्हणून तिन्ही वर्षे घेता येतो का? मागच्या वर्षी वर्गात किती मुले होती? विद्यार्थी नसले की विषय बंद पडतो आणि बंद पडलेला विषय पुन्हा सुरू होणे अवघड असते.

पालकांना आमची एकच विनंती आहे. ‘खाणार काय?’ जरूर विचारा, पण मुलीचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.