कॉलेजास निघालेल्या मुलाची वळकटी

जून उजाडला की भिवंडीतील ज्या घरचा मुलगा पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात राहावयास जावयाचा असतो, त्या घरात आठ दिवस एकच खल चालतो: बरोबर काय द्यावे? परवा आमच्या परिचयाच्या एका माउलीने कागद-पेन्सिल पुढे ठेवून आम्हांस हाच प्रश्न घातला. चादरी दोन की तीन, कुलूप किल्लीचे की आकड्यांचे, मोबाइलच्या चार्जरची दोरी पलंगापर्यंत पोहोचेल काय, मेतकुटाची बरणी वाटेत फुटली तर काय, अशी चर्चा बराच वेळ चालली. सरळ उत्तर देण्याऐवजी इतिहासात शिरावे ही आमची जुनी खोड. त्याने त्या माउलीचा फारसा लाभ झाला नसावा. वाचकांचा होतो की काय ते पाहावे.

हा प्रश्न वाटतो तितका पुरातन नाही. विद्येसाठी घर सोडून जाणारे मुलगे आपल्याकडे शतकानुशतके होते. परंतु त्यांच्याबरोबर देण्यासारखे फारसे काही नसे. गरीब विद्यार्थी एक तांब्या, एक पंचा आणि खांद्यावर झोळी घेऊन निघे. जेवण माधुकरीवर अथवा वार लावून, निजणे कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत. सुखवस्तू मुलगा मामाकडे वा आत्याकडे उतरे. त्याचे अंथरूण तेथलेच. संसारातील जिन्नस बरोबर बांधून देण्याची वेळ खरोखर आली ती वसतिगृहामुळे. 1868 साली डेक्कन कॉलेज पुणे शहरातून नदीपलीकडे येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. तेथे ना मामा, ना वाराची घरे. होती ती एक खोली, आणि त्या खोलीत जे काही असावयाचे ते ज्याचे त्याने आणावयाचे.

भिवंडीच्या मुलास त्यात आणखी एक अडचण. 1854 साली आगगाडी कल्याणपर्यंत आली, भिवंडीस नव्हे. तेव्हा घरून बैलगाडी, मध्ये उल्हासची खाडी, मग कल्याणचे स्टेशन. त्यातून पुण्यास जाणाऱ्याच्या वाटेत बोरघाट. पुणे-खंडाळा रेल्वे 1858 मध्येच सुरू झाली होती, पण घाटातील रूळ 1863 साली जोडले जाईपर्यंत मधला चढ पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी करावा लागे. अशा प्रवासात लाकडी पेटी कोण वाहणार? म्हणून वळकटी. बाहेर सतरंजी, आत पासोडी, तिच्या घडीत धोतरे, पंचा, पोथीपुस्तके, आणि मधोमध फडक्यात गुंडाळलेले फुलपात्र, आपटले तरी वाजू नये म्हणून. पत्र्याची ट्रंक मागाहून आली आणि वळकटीच्या शेजारी बसली; तिने वळकटीला हुसकले मात्र नाही. कापडाची ददात भिवंडीच्या मुलास नसावी. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांचे माग या गावात एकोणिसाव्या शतकातच खडखडू लागले होते, आणि पुढे यंत्रमागांनी तर गावाचे नावच कापडाशी जोडून टाकले.

पण वळकटीत काय होते एवढ्यावर भागत नाही. ते तेथे कशासाठी होते हे पाहिले पाहिजे. टिळक 1873 साली डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची आई जाऊन सात वर्षे झाली होती आणि वडील आदल्याच वर्षी वारले होते. त्यांचे सामान कोणी बांधले असेल, चुलत्यांच्या घरातील कोणी की त्यांनी स्वतःच, याचा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. चरित्रकार सांगतात की, ते तेथे रेशमी सोवळे नेसूनच जेवावयास बसत आणि सोबत्यांच्या थट्टेला भीक घालीत नसत. म्हणजे सामानात एक रेशमी वस्त्र होते, आणि ते थंडीवाऱ्यासाठी नव्हते. घरचे स्वयंपाकघर, तेथली शिस्त, तेथला विटाळ-चांडाळ, सारे त्या एका घडीत बांधून आणलेले होते. त्याच टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष पुस्तके बाजूस सारून तालमीत व पोहण्यात घालविले, याची तरतूद मात्र कोणत्याही वळकटीत असणे शक्य नव्हते.

त्याच वसतिगृहात थोड्या वर्षांनी आगरकर आले. त्यांच्या सदऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे: अंगावर एकच, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी घालावयाचा. टेंभूच्या त्या माउलीजवळ मुलास देण्यासारखे फार नव्हते, आणि मुलगा शिकून मोठ्या पगारावर चढेल व आपले पांग फेडील, ही तिची आशा होती. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी तिला पत्र लिहून कळविले की, मी संपत्तीची हाव सोडून पोटापुरत्या पैशावर लोकहितात आयुष्य घालविणार आहे. हे पत्र पुढे अनेकांनी गौरविले. ते हाती पडल्यावर त्या माउलीस काय वाटले असेल, हे कोणी विचारीत नाही.

मुलाच्या वळकटीत मुलीचे उदाहरण घालतो याची क्षमा असावी. पण खाडीपलीकडच्या कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांस टाळून हा विषय पुरा होत नाही. 7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, वय अठरा. बरोबर नऊवारी लुगडी आणि मांस न खाण्याचा निश्चय. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत तेच लुगडे अपुरे पडले. पाय झाकावेत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. खोली नीट तापत नव्हती, शेगडीचा धूर कोंडे, आणि त्यातच आपले अन्न आपण शिजवावयाचे. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या; 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. क्षय लुगड्याने होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी घराची खूण म्हणून नेलेली वस्तू परमुलखात अंगास पुरत नाही तेव्हा माणूस ती टाकीत नाही, वेगळ्या रीतीने नेसते, हे आम्हांस फार बोलके वाटते.

साताऱ्यास भाऊराव पाटलांनी 1924 साली वसतिगृह काढले, तेव्हा वळकटीचा अर्थच पालटला. तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवर शिजवीत आणि एका पंक्तीस बसत; रेशमी सोवळे आणून करावयाचे काय? उलट खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य येई ते सर्वांचे. आणि एके वेळी कोठारात काही उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र मोडावयास दिले. आपल्या पोटच्या नव्हे अशा मुलांच्या दोन वेळच्या भाकरीसाठी.

आजच्या वसतिगृहात जेवण भोजनगृहाचे, गादी बहुधा संस्थेची, आणि पुण्याचा रस्ता काही तासांचा. तेव्हा पूर्वी जे जे घरून न्यावे लागे त्यातील बहुतेक आता नेण्याचे कारण उरले नाही. तरी त्या माउलीच्या कागदावर त्रेचाळीस जिन्नस होते, आम्ही मोजले. त्यांत मेतकूट दोनदा लिहिले होते.

आमचे हे सारे पुराण तिने शांतपणे ऐकून घेतले. टिळकांविषयी ती काही बोलली नाही, आनंदीबाईंच्या वेळी डोळ्यांस पदर लावला. मग जरा थांबून म्हणाली, "काका, आगरकरांचा तो एकुलता सदरा पावसाळ्यात रात्रीतून वाळत कसा असेल हो?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. तिने पेन्सिल घेतली आणि यादीच्या तळाशी लिहिले: सुंभाची नको, नायलॉनची दोरी, पाच वाव, चिमटे एक डझन.