शिष्याविना सूर : सांता मोनिकाच्या मठवासिनी

आपल्या सीमाभागात ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की इंग्रजी शाळा, मुलांच्या गळ्यातले टाय आणि पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे, मठ. आपल्या शेजारच्या गोव्यात स्त्रियांचा असा एक मठ चारशे वर्षांपूर्वी उभा राहिला. सांता मोनिका हे त्याचे नाव. आशियातील ननांच्या सर्वांत जुन्या मठांत त्याची गणना होते. तेथे विद्या आणि संगीत दोन्ही नांदली, आणि ती कशी लोपली हे शिक्षकाने तरी समजून घ्यावे असे आहे.

अनगोळहून निघणाऱ्या शालेय सहली चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यात जातात. मुले बॉम जेझूमध्ये संत झेवियरची शवपेटी पाहतात आणि समुद्राच्या ओढीने पुन्हा बसमध्ये जाऊन बसतात. समोरच्या मोन्ते सांतो टेकडीवर संत ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याशेजारी जांभ्या दगडाची एक तीन मजली, किल्ल्यासारखी इमारत आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. तीच सांता मोनिका.

आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी १६०६ मध्ये या मठाचा पाया घातला. फिलिपा फेरेरा नावाची एक विधवा आपल्या मुलीसह मठात आली, फिलिपा दा त्रिंदादे झाली आणि मठाची पहिली प्रमुख बनली. बांधकाम १६२७ मध्ये पुरे झाले, १६३६ मध्ये आगीने इमारतीची राख झाली आणि लगोलग ती पुन्हा उभी राहिली. पुढे या मठात शंभराच्या आसपास नन राहत. त्यांच्यासोबत शिकण्यासाठी ठेवलेल्या मुली आणि मोठा सेवकवर्गही असे.

१५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ननांवर बंदिवासाचा कडक नियम घातला होता. एकदा शपथ घेतली की उंबरठा ओलांडायचा नाही. चर्चमध्ये जमलेल्या लोकांनाही त्या दिसत नसत. जाळीआडून ऐकू येई तो केवळ त्यांचा आवाज. दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रहरी लॅटिन स्तोत्रे गायची, हा त्यांचा मुख्य धर्म. त्यासाठी लॅटिन वाचता यायला हवे, स्वर ओळखता यायला हवेत. म्हणून नव्याने आलेल्या मुलीला किमान एक वर्ष एखाद्या वडीलधाऱ्या ननच्या हाताखाली शिकावे लागे. मठ हाच वर्ग आणि प्रार्थना हाच पाठ. ज्या काळात बाईच्या हाती पुस्तक क्वचितच येई, त्या काळात या भिंतीआड पिढ्यान् पिढ्या बायकांनी बायकांना वाचायला आणि गायला शिकवले. माझ्या मते त्या मठाची खरी थोरवी यातच आहे.

मात्र हे चित्र सोवळे करून सांगण्यात अर्थ नाही. मठात काळ्या बुरख्याच्या आणि पांढऱ्या बुरख्याच्या अशा दोन पायऱ्या होत्या. गाण्याचा मान काळ्या बुरख्याला, कष्टाचे काम पांढऱ्याला. काळ्या बुरख्यासाठी हुंडा लागे आणि तो बहुतेक पोर्तुगीज वंशाच्या मुलींना मिळे. स्थानिक स्त्रियांच्या वाट्याला बहुधा सेवाच आली. मठाबाहेर मात्र स्थानिक पुरुष गात होते. १६६३ मध्ये ज्युझेप्पे सेबास्तियानी या इटालियन कार्मेलाईट धर्मगुरूने बॉम जेझूमध्ये सात गायकवृंदांचे संगीत ऐकले. ती रचना रोमच्या कारिस्सिमीची होती आणि गाणारे इथल्याच मातीतले. आपण रोममध्येच आहोत असे त्याला वाटले. त्याआधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते आणि त्यातल्या मराठी ओव्या चर्चमध्ये गायिल्या जात होत्या. म्हणजे गोव्यात त्या काळी सूर सर्वांचा होता. परंतु कोणी, कुठे, कोणत्या भाषेत गायचे हे जन्मावर ठरे.

त्याच काळातली इटलीतील एक समकालीन इथे आठवते. मोनिका जळाली त्याच १६३६ साली इझाबेल्ला लेओनार्दा ही नोवारा गावी उर्सुलाईन मठात दाखल झाली. तिने मठातल्या ननांना संगीत शिकवले, दोनशेच्या आसपास रचना केल्या आणि १६९३ मध्ये वाद्यांसाठीचे सोनाटा छापले. स्त्रीने रचलेले आणि छापून आलेले ते पहिले सोनाटा मानले जातात. छापले म्हणून तिचे नाव उरले. जे गळ्यातून गळ्यात जाते त्याला कागद नसतो. त्याला पुढचा गळाच लागतो.

आणि मोनिकाला नेमका तोच नाकारला गेला. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यात त्याचा अंमल झाला. पुरुषांचे मठ रिकामे झाले. ननांना मात्र कोणी बाहेर काढले नाही. मरेपर्यंत राहा, म्हणाले. अट एवढीच की नवी मुलगी घ्यायची नाही. दिसायला हा दयेचा हुकूम होता. त्यानंतर पन्नास वर्षे प्रार्थनेच्या आसनांवरची एकेक जागा रिकामी होत गेली. गाणाऱ्या होत्या, पण शिकणारी कोणी नव्हती. १८८५ मध्ये शेवटची नन वारली आणि मठ संपला.

हे वाचताना मला आपल्या भागातील पटसंख्येचे तक्ते आठवतात. शाळा बंद करायला कुलूप लागत नाही. पहिलीच्या वर्गाला मुले आली नाहीत की पुरते. वरचे वर्ग भरलेले दिसतात, शिक्षक हजेरी घेतात, प्रार्थनेची घंटा वेळेवर होते आणि सारे सुरळीत चालले आहे असे वाटते. आठदहा वर्षांनी मात्र घंटा ऐकायला कोणी नसते. मराठी असो वा कन्नड, भाषा ओठांवरून जाते ती अशीच, आवाज न करता.

मोनिकाची इमारत मात्र अबोल राहिली नाही. १९६४ मध्ये तेथे ननांच्या शिक्षणासाठी ‘मातेर देई’ ही संस्था सुरू झाली आणि त्याच भिंतींत स्त्रिया पुन्हा शिकू लागल्या. दरम्यान कॉन्व्हेंट या शब्दाचा अर्थही बदलला होता. माग्दालेना द कानोसा यांनी १८०८ मध्ये व्हेरोना येथे सुरू केलेल्या कार्यासारख्या नव्या संघांनी ननला भिंतीबाहेर, गरिबांच्या मुलींपर्यंत आणले. पेटी किंवा पियानो वाजवीत प्रार्थना शिकवणारी सिस्टर आपल्या गावांत आली ती याच वाटेने.

पुढची सहल जुन्या गोव्यात जाईल तेव्हा शिक्षकांनी मुलांना दहा मिनिटे त्या टेकडीवर अवश्य न्यावे. येथे शंभर बायका गात होत्या आणि त्यांचे गाणे कोणी बंद केले नाही, फक्त शिकवणे बंद केले, एवढे सांगितले तरी इतिहासाचा तास पुरा होईल.