इब्ने सफींविना तीन वर्षे

आवडता लेखक वाचून संपला की वाचक दुकानदाराला विचारतो, 'यांच्यासारखे आणखी कुणाचे आहे का?' माणसाच्या मनातल्या अंधारात उतरणाऱ्या रहस्यकथांची ज्याला एकदा गोडी लागली, त्याची ही भूक तर सहजासहजी भागत नाही. उर्दूत या भुकेचा एक स्वतंत्र इतिहास आहे आणि तो इब्ने सफी या नावाशी जोडलेला आहे.

इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म २६ जुलै १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून 'इब्ने सफी', सफीचा पुत्र. असरार नारवी या नावाने ते शायरी करीत. उर्दूत अश्लीलतेशिवाय पुस्तक खपत नाही, असे एका बैठकीत कुणीतरी म्हटले आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी रहस्यकथा हाती घेतली. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून अब्बास हुसैनी यांनी त्यांची 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू केली. 'दिलेर मुजरिम' ही तिच्यातली पहिली कादंबरी. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले; पण त्यांची पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. १९५५ मध्ये 'इमरान' मालिका सुरू झाली.

उर्दूला रहस्यकथा नवी नव्हती. जफर उमर यांची 'नीली छतरी' १९१६ मध्येच आली होती. तीरथराम फिरोजपुरी यांनी इंग्रजीतून ढीगभर रहस्यकथा उर्दूत आणल्या होत्या. पण तो माल बहुतांशी उसना होता. खुद्द सफींनीही सुरुवातीला इंग्रजी कथेचा आधार घेतला, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. पुढे मात्र त्यांनी आपली वाट काढली. त्यांचा इमरान वरून वेंधळा, खुळा. सहकारी त्याची टर उडवतात. आणि ज्या 'एक्स-टू' नावाच्या अदृश्य अधिकाऱ्याला तेच सहकारी थरथर कापतात, तो अधिकारी म्हणजे हाच इमरान! एकाच माणसात दोन माणसे, ही त्यांच्या कथेची खरी गंमत आणि खरी भीतीही. त्यांचे गुन्हेगारही पुष्कळदा समाजात मान असलेले, सभ्य चेहऱ्याचे असतात. मुखवट्यामागे काय आहे, याचा शोध म्हणजेच त्यांचे रहस्य.

आणि मग १९६० साली हा लेखकच गप्प झाला. तो तीव्र मानसिक आजाराने ग्रासला गेला होता. चरित्रकार त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. जवळपास तीन वर्षे लेखणी थांबली.

वाचक मात्र थांबले नाहीत. त्यांना 'तसेच' काहीतरी हवे होते, आणि बाजाराने ते पुरवले. एन. सफी, नजमा सफी अशी ऐकायला सारखी वाटणारी नावे मुखपृष्ठांवर झळकू लागली. आत फरीदी, हमीद, इमरान ही पात्रेही उचललेली. घाईत नाव वाचणारा वाचक फसत असे. पण घरी जाऊन चार पाने उलटली की त्याला कळे, हे आपले सफी नव्हेत. नाव चोरता आले, पात्रे चोरता आली. माणसाकडे पाहण्याची नजर चोरता आली नाही.

कराचीत हकीम इक्बाल हुसैन यांच्या उपचारांनी सफी बरे झाले. २५ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डेढ मतवाले' भारतात प्रकाशित झाली, ती माजी गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते. आठवड्याभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. त्यानंतर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. २६ जुलै १९८० रोजी, म्हणजे जन्मतारखेलाच, ते कराचीत वारले.

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट उमगते. 'यांच्यासारखे' शोधताना नाव, पात्रे, मुखपृष्ठ यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. आपल्याला त्या लेखकात नेमके काय भावले, हे आधी स्वतःला विचारावे. वेग आणि साहस हवे असेल, तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर मराठीत आहेत. भयाची ओढ असेल, तर नारायण धारप आहेत. पण घरातल्या साध्यासुध्या माणसाच्या मनात दडलेला काळोख हवा असेल, तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथांकडे वळावे. सफींचे जग वेगळे, मतकरींचे वेगळे. तरी दोघेही दिसणाऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. ज्यांना उर्दू लिपी येत नाही, त्यांच्यासाठी सफी हिंदीत आहेत. जुन्या हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद आणि इमरानचा राजेश झाला होता, एवढे ध्यानात असू द्यावे. शम्सुर्रहमान फारुकी यांनी केलेली चार कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरेही २०११ मध्ये आली.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. पुस्तकातले बिघडलेले मन आम्ही रात्र जागवून वाचतो. घरातले मात्र झाकून ठेवतो. 'असर झाला', 'साया आहे' म्हणतो आणि डॉक्टरकडे न्यायला लाजतो. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळ चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळताही आले नाही. हे कुठल्याही कादंबरीपेक्षा भीषण आहे.

आपला लाडका लेखक त्याच आजारातून उठला, कारण त्याच्यावर इलाज झाला. बरा होऊन त्याने आणखी सतरा वर्षे लिहिले, आणि वाचकांनी त्याला पहिल्यापेक्षाही मोठ्या प्रेमाने जवळ केले. जी माया आम्ही सफींना दिली, तीच आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या आजारी माणसालाही देता आली पाहिजे.