एका नरसाळ्याची गोष्ट : आयरिश लेखक आणि इंग्रजी भाषा

१/ जेम्स जॉइस यांची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ साली प्रसिद्ध झाली. तीत डब्लिनमधील विद्यार्थी स्टीफन आणि त्याचे इंग्रज धर्मगुरू दिव्यात तेल ओतण्याच्या नरसाळ्याविषयी बोलतात. स्टीफन त्याला ‘टनडिश’ म्हणतो. धर्मगुरूंनी हा शब्द कधी ऐकलेलाच नसतो. तो आयरिश असावा, असे त्यांना वाटते.

२/ प्रसंग किरकोळ, पण स्टीफन आतून हलतो. आपण जन्मापासून बोलतो ती भाषा मुळात समोरच्याची आहे, ही जाणीव त्याला बोचते. या बोचणीला इतिहास आहे.

३/ १८३१ पासून आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, माध्यम इंग्रजी. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवली जाई. आयरिश बोलला की तिच्यावर खाच, आणि खाचांनुसार शिक्षा. यात पालकांचीही साथ असे, हे विसरू नये. कचेरी, न्यायालय, परदेशातील रोजगार या साऱ्यांची भाषा इंग्रजीच होती.

४/ १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. सर्वाधिक झळ पश्चिमेच्या आयरिशभाषक गरिबांना बसली. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे एक चतुर्थांशाहूनही कमी उरले होते.

५/ १८९३ मध्ये आयरिशच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली. येट्स, लेडी ग्रेगरी आणि सिंग यांनी मात्र प्रामुख्याने इंग्रजीतच लिहिले. १९०४ मध्ये त्यांचे ॲबी थिएटर उभे राहिले. सिंग यांच्या पात्रांचे शब्द इंग्रजी असले, तरी वाक्यांची ठेवण आयरिशची आहे.

६/ ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ (१९८०) हे नाटक १८३३ मधील डोनेगलच्या एका खेड्यात घडते. लष्करी मोजणीदार नकाशासाठी गावांच्या नावांना इंग्रजी रूप देत आहेत. गावकरी आयरिश बोलतात, असे आपण मानायचे; रंगमंचावर मात्र इंग्रजीच ऐकू येते. हरवलेल्या भाषेची कथा सांगायला हाती उरली ती इंग्रजीच.

७/ आता पुन्हा नरसाळ्याकडे. कादंबरीच्या शेवटी स्टीफन शब्दकोश उघडतो. ‘टनडिश’ हा अस्सल, जुना इंग्रजी शब्द निघतो! इंग्रज धर्मगुरूंना ठाऊक नसलेला तो शब्द डब्लिनच्या एका उपनगरात नित्य वापरात होता. मग ही भाषा नक्की कोणाची? जॉइस वाचताना हा प्रश्न सोबत ठेवा.